आतल्या खोलीतले फोटो

माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त कोण घाबरतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, मीच. गिऱ्हाईक म्हणून आलेली बाई दार लागेपर्यंत घाबरते. एकदा आतून कडी लागली की ती हळूहळू मोकळी होते आणि तिची सगळी भीती माझ्या अंगावर येते. तिचे फोटो छापून तिच्या हातात पडेपर्यंत मला घास गोड लागत नाही. संपादकांनी मला "कामातले गमतीदार अनुभव लिहा" असं सांगितलं आहे. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण माझ्याकडची प्रत्येक गंमत भीतीला चिकटूनच येते, तेव्हा दोन्ही मिळून जे निघेल ते वाचकांनी गोड मानून घ्यावं.

शहापूरच्या बाजारात आमचा स्टुडिओ. वडिलांनी काढला. पासपोर्ट साइझ, लग्नं, बारशी, जयंतीची मिरवणूक, आणि भिंतीवर हार घालून लावायला मयताचा मोठा केलेला फोटो, हे आमचं पोटापाण्याचं काम. भाऊ नोकरीला लागला, वडील थकले आणि कॅमेरा माझ्या गळ्यात आला. सुरुवातीला लग्नात बाई फोटोग्राफर बघायची लोकांना सवय नव्हती. मला नवरीची मैत्रीण समजून पहिल्याच पंगतीला बसवायचे. मी पण बसायची. उपाशीपोटी फोटो हलतात.

तर हे आतल्या खोलीतलं काम. इंग्रजीत याला बूद्वार फोटोग्राफी म्हणतात. बाईची स्वतःची खासगी खोली, असा त्या शब्दाचा अर्थ आहे म्हणे. आमच्याकडच्या घरांत बाईला स्वतःची खोली कुठली असायला, म्हणून मी स्टुडिओच्या मागची सामानाची खोली रिकामी केली, खिडकीला पांढरा पडदा लावला, एक खाट टाकली आणि गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, की ही घ्या तुमची खोली. कुणी बघत नसताना बाई जशी असते तशी, तिच्या स्वतःच्या मर्जीने, स्वतःसाठी काढून घेतलेली छबी. एवढंच ते आहे. पण एवढं साधं लोकांना पटत नाही.

पहिला समज असा, की हे कपडे काढायचं काम. बाजारात कुजबुज सुरू झाली, की शहापूरला एक बाई बायांचे तसले फोटो काढते. एकदा दोन इस्त्रीचे शर्ट दुकानात आले. बहिणीच्या लग्नासाठी चौकशी करायची आहे म्हणाले, पण नजर सारखी मागच्या दाराकडे. जरा नमुने दाखवा म्हणाले, त्या खोलीतले. एका शिक्षिकेने दुकानात लावायला परवानगी दिलेले काही फोटो होते, ते मी काढून पुढ्यात ठेवले. एकात हळद कुटून पिवळी झालेली बोटं होती. एकात पायातली जोडवी आणि टाचेच्या भेगा. एकात केस वाळवताना मागून दिसणारी मान. दोघांनी परत परत उलटून पाहिले. "हे एवढंच?" एकाने विचारलं. मी म्हटलं, एवढंच. ते गेले ते गेलेच. मला हसू आलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस दुकान बंद करून घरी जाताना मी मागे वळून बघत होते, हेही खरं आहे.

दुसरा समज, की या कामाला तरुण आणि शेलाटी बाई लागते. सापगावच्या एक आजी आल्या होत्या, नऊवारीतल्या, नातीने आणलेल्या. त्यांना म्हटलं, आजी, कसा फोटो पाहिजे? त्यांनी खाटेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दुपारची निजलेली काढ. सासरी आले तशी दुपारची पाठ टेकली नाय कवा." त्या आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि मी दिवे नीट करीपर्यंत खरंच झोपी गेल्या. घोरत होत्या. मी त्यांना उठवलं नाही. नात बाहेर बसून मोबाइल बघत राहिली. माझ्या सगळ्या कामातला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि तो माझ्याकडे नाही, कारण त्या शिक्षिकेचे सोडले तर मी कुणाचाच ठेवत नाही.

तिसरा समज, की बाया हे नवऱ्यासाठी करतात. काही करतातही, त्यात वाईट काय? पण एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि फोटो कसे पाहिजेत ते स्वतःच सांगायला लागले. बाई जमिनीकडे बघत होती. मी त्यांना चहा सांगून या म्हणून कोपऱ्यावर पाठवलं आणि तिला विचारलं. "मला नाय काढायचे," एवढंच म्हणाली. गृहस्थ चहा घेऊन आले तेव्हा माझा कॅमेरा बिघडला होता. तो त्यांच्यासाठी कायमचाच बिघडलेला आहे.

भीतीमुळे मी काही रीत ठरवून घेतली आहे. दाराची कडी गिऱ्हाईक बाई लावते, मी नाही. तिचा फोन आणि माझा फोन, दोन्ही बाहेर. फोटो मी स्वतः छापते, तिच्यासमोर. छापून झाले की कार्डावरून आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकते, तेही तिच्यासमोर. फोनवर पाठवायचं नाही, कितीही गळ घातली तरी नाही. कागदावरचे फोटो साडीच्या खोक्यात घालून देते. घरातलं कपाट सगळ्यांचं असलं तरी बाईच्या साड्यांच्या घड्यांमध्ये सहसा कुणी हात घालत नाही. मला वाटायचं, एवढं केल्यावर आता पाणी कुठून झिरपणार?

सुवर्णा (हे तिचं खरं नाव नाही) वैशाखऱ्याहून आली होती. माळशेज घाटाच्या रस्त्यावरचं गाव. तिथून बायका बाजाराला मुरबाडला जातात, शहापूरला कुणी येत नाही. ती आली म्हणजे ओळखीच्या कुणाला दिसायचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. वय चाळिशीच्या अलीकडे, भातशेती, पदरात लग्नाला आलेली मुलगी. ऐन उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. कडी लावल्यावर तिने ती दोनदा ओढून बघितली. मग म्हणाली, "ताई, मला माझी पाठ बघायचीय."

तिच्या पाठीवर कोड होतं. मुलगी लहान होती तेव्हा खांद्याखाली एक ठिपका आला, पुढे पसरत गेला. नवऱ्याला माहीत होतं. त्यानेच सांगितलं होतं, की आईला कळू देऊ नकोस, ती घर डोक्यावर घेईल. त्या दिवसापासून ती लांब बाह्यांची, बंद गळ्याची पोलकी घालायला लागली आणि सगळ्यात शेवटी, एकटीने आंघोळ करायला लागली. आरशात पाठ कितीशी दिसणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, आहे तेवढंच आहे. तो नीट बघतच नाही, असं तिला वाटायचं. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायची होती. कुठवर आलं आहे, मानेपासून किती लांब आहे, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मी खिडकीचा पडदा अर्धा सरकवून बाजूचा उजेड घेतला. मोकळी पाठ, डाव्या खांद्यावर ओढलेला पदर, वर बांधलेला अंबाडा, उजव्या दंडावरचं गोंदण. चेहरा नाही. सारवलेल्या जमिनीवर पाणी सांडून वाळल्यावर उमटतात तसे ते डाग दिसत होते. फोटो काढून झाल्यावर मी मला सुचलं ते केलं. कॉम्प्युटरवर डाग पुसून गुळगुळीत पाठ तयार केली आणि तिला दाखवली. तिने बराच वेळ बघितलं. "ही कोण?" म्हणाली. मग म्हणाली, "पुसलेली नको. हाय तेवढी दाखवा." मी खरी पाठ दाखवली. ती कॉम्प्युटरच्या पडद्याच्या अगदी जवळ गेली, बोटाने मानेपासूनचं अंतर मोजलं आणि पहिल्यांदा नीट खाली बसली. "मला वाटलं व्हतं सगळीच गेली," म्हणाली. तिला वाटत होतं त्यापेक्षा डाग कमी होते. इतकी वर्षं ती मनातल्या मनात ते पसरवत होती.

फोटो छापले, तिच्यासमोर पुसले, साडीच्या खोक्यात घातले. ती गेली. मला वाटलं, आणखी एक बाई सुखरूप घरी पोचली.

नंतर एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. सुवर्णा बाजूच्या घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती. आवाज इतका बारीक, की आधी मला काही उमगेना.

"ताई, मी टीव्हीत आलेय."

मी म्हटलं, कशी? कुठल्या टीव्हीत? मग तुटक तुटक कळत गेलं. तिने मी दिलेल्या कागदाचा आपल्या फोनने फोटो काढला होता. शेतावर दुपारची भाकर खाताना बघावंसं वाटायचं म्हणून. आणि त्या घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ईमेल खातं एकच. ज्या दुकानातून पहिला फोन घेतला, त्या दुकानवाल्याने खातं काढून दिलं. पुढे घरात जो जो फोन आला त्यात त्याने तेच टाकलं. एका घराला एक रेशनकार्ड तसं एका घराला एक ईमेल, असं त्यांना वाटलं. शहापूर आणि मुरबाड, आमच्या दोन्ही तालुक्यांत अशी घरं कितीतरी आहेत. सासूचं, सुनेचं, दिराचं, सगळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी जाऊन पडतात आणि कुणाला पत्ता नसतो. त्यात दिराने, गणेशने, नवा टीव्ही आणला. त्यालाही तेच खातं लावलं. त्या टीव्हीवर काही लावलेलं नसलं की तो आपल्या मनाने खात्यातले फोटो एकामागून एक दाखवत बसतो. सुवर्णा ओटी झाडत होती. वर बघितलं तर समोर तिची पाठ.

तेव्हा ओटीवर दुसरं कुणी नव्हतं. पण त्याच दिवशी तिच्या मुलीला, प्रणालीला बघायला पाहुणे यायचे होते.

मी तिला सांगितलं, फोनमधून काढून टाक. तिने ते केलं होतं, तरी टीव्हीवर तो पुन्हा आला. नुसता फोनमधून गेला की खात्यातून जातोच असं नाही. पण हे ती विचारणार कुणाला? तिला वाटलं, फोटो फोनमधून निघून टीव्हीत जातो आहे. म्हणून तिने फोन बंद करून तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवला होता.

मी गाडी काढली. कॅमेरा गळ्यात अडकवला, म्हणजे कुणी विचारलं तर पाहुण्यांचे फोटो काढायला आले म्हणता येईल. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून माळशेजच्या रस्त्याने टोकावडे, पुढे वैशाखरे. तो रस्ता माझ्या आवडीचा आहे. त्या दिवशी मला डोंगर दिसलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, की ओटीवर दोन घरची माणसं बसली आहेत आणि भिंतीवर पाठ उमटते आहे. माझा फोटो. माझा उजेड. मी काढलाच नसता तर हे झालं नसतं, असंही वाटलं आणि तिने खाली बसून म्हटलेलं वाक्यही आठवलं. दोन्ही विचार टोकावड्यापर्यंत भांडत होते.

मी पोचले तेव्हा पाहुणे आलेले होते. मुलगा, त्याचे आईवडील, एक मावशी. सुवर्णाचा नवरा त्यांच्यासोबत बसला होता. मुलगा मुरबाडला एका दवाखान्यात कामाला. टीव्ही चालू होता आणि गणेश त्याच्या बाजूला उभा राहून एकेका फोटोची माहिती देत होता. ही आमची मळणी, हा आमचा बैल, हे मागच्या पावसातलं माळशेज. रिमोट त्याच्या शर्टाच्या खिशात. पाहुण्यांचे फोटो काढायला आलेय म्हणून सांगून मी आत गेले.

सुवर्णा चुलीपाशी होती. कांदेपोह्यांवरचं खोबरं अर्धं खाली पडलं होतं. मी पिंपात कोपरापर्यंत हात घालून फोन शोधून काढला. चालू होईना. बॅटरी मेलेली. चार्जरला लावला आणि तिला धीर द्यायला म्हटलं, अगं, चेहरा नाही दिसत त्यात. आला तरी पाठच तर आहे, बाकी सगळं झाकलेलं आहे.

ती उलथणं खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"पाठीचं काय घेऊन बसलात, ताई? उघडी बघितली तर चार दिस बोलतील नि गप बसतील. डाग बघितले तर माझ्या पोरीच्या अंगावर शोधतील. जल्मभर शोधतील."

इतकी वर्षं लोकांचे गैरसमज सांगत फिरणारी मी. उघड्या अंगाचीच भीती असणार, हे मीही धरून चालले होते. तिच्या भीतीला मी जागाच चुकीची दिली होती.

फोनवर नुसतं बॅटरीचं लाल चित्र. बाहेर गणेशचा आवाज चालू. मी ओटीवर गेले आणि म्हटलं, गणेश, टीव्हीचा उजेड फोटोत मारतोय, जरा बंद करतोस का? तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे ना ताई, मागं फोटू हलते दिसतील तर शोभा येल." एरवी आमच्या भागात दिवसातून चारदा जाणारी लाइट त्या दिवशी जाईना. मी मनातल्या मनात वीज मंडळाची विनवणी केली.

प्रणाली पोहे घेऊन आली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मी भिंतीला टेकून उभी. नजर टीव्हीवर. पाण्याने भरलेलं खाचर आलं. कुणाच्या तरी लग्नातली पंगत आली. गणपती आला. फोटो कुठल्या क्रमाने येतात ते मला माहीत नव्हतं. आता येईल किंवा येणारही नाही, आणि हे माहीत नसणं सगळ्यात वाईट होतं.

मग गणेश म्हणाला, सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे. मला एकदम श्वास आला. आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं. फोटो काढताना माणसं कॅमेऱ्याकडे बघतात, मागे नाही. मी सगळ्यांना उठवून टीव्हीकडे पाठ करून उभं केलं, मुलाला मध्ये, प्रणालीला बाजूला. सुवर्णा आतच थांबली. तिची सासू पुढे आली नाही. विधवा बाईने अशा फोटोत उभं राहायचं नाही, असं त्या स्वतःच मानत. उंच, काटक, करड्या आवाजाच्या बाई. घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे. त्या येऊन माझ्या खांद्याला लागून उभ्या राहिल्या, फोटो कसा काढतात ते बघायला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवर, भिंतीएवढी मोठी, ती पाठ आली.

काचेतून मला सगळं दिसत होतं. खाली हसणारी माणसं, वर अंबाडा, गोंदण आणि डाग. इतक्या मोठ्या आकारात मीही तो फोटो कधी बघितला नव्हता. तोंडातून सवयीने शब्द निघाले. इकडे बघा. हलू नका. मावशी, हनुवटी थोडी वर. मावशींनी पदर सारखा करायला मान वळवायला घेतली. मी म्हटलं, मावशी, पदर छान आहे, इकडेच बघा, डोळे मिटले जातील. त्यांनी मान परत आणली. फोटो जाईना. मी बटण दाबत राहिले, उगीच, परत परत. गणेश म्हणाला, झालं का ताई? मी म्हटलं, आणखी एक, कुणी हलायचं नाही. त्याच्या खांद्यामागे ती पाठ तशीच होती. मग ती विरली आणि तिच्या जागी गाईचं वासरू आलं.

मी कॅमेरा खाली केला. कुणी मागे वळलं नव्हतं. आणि तेव्हा मला आठवलं, की ओटीवर एक माणूस असं होतं जे कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. मी बाजूला बघितलं. सासूबाई टीव्हीकडेच बघत होत्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन फोन उचलला. चालू झाला होता. खात्यात शिरून तो फोटो काढून टाकला, मग कचऱ्याच्या पेटीतूनही काढला, आणि परत तीनतीनदा जाऊन शोधला. कॅमेऱ्यातले, मागे ती पाठ आलेले फोटोही तिथेच उभ्या उभ्या पुसले. सुवर्णाला म्हटलं, गेला. तिने विचारलं, कुणी बघितला का? मला खोटं बोलवेना आणि खरं सांगायची छाती होईना. बाहेर सगळ्यांचा आवाज चढला होता. पाहुण्यांनी होकार दिला होता. प्रणालीची ओटी भरायला नारळ मागत होते. सुवर्णा नारळ घेऊन गेली आणि माझं उत्तर राहून गेलं.

पाहुणे निघाल्यावर सासूबाईंनी मला हाताने मागच्या परसात बोलावलं. शेवग्याखाली उभ्या होत्या. मी मनाची तयारी केली. फोटो मी काढलाय, तिचा काही दोष नाही, जे बोलायचं ते मला बोला, असं म्हणायचं ठरवून गेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं,

"मानेवर येल का गो ते?"

त्या म्हणाल्या, "फोटू तूच काढलास ना? जवलून बघितलंस म्हनून इचारते."

त्यांना माहीत होतं. कितीतरी वर्षांपासून. सुवर्णा एकदा तापाने बेशुद्ध पडली होती, तेव्हा घामाने भिजलेलं पोलकं त्यांनीच बदललं होतं. तेव्हा पाठ दिसली. शुद्धीवर आल्यावर तिला काही बोलल्या नाहीत. ती लपवते म्हणजे तिला कळू द्यायचं नाही, तर नाही, असं त्यांनी धरून टाकलं. मी हळूच विचारलं, आणि पाहुणे?

"त्यास्नी मी मागंच सांगलंय. लपवून पोर द्याची नाय मला. त्यो पोरगा दवाखान्यात हाय. म्हनला, ह्यो लागट रोग नाय, आजी. आईबापालाही त्यानंच समजावलं. म्हनून तर आले."

म्हणजे दुपारभर मी ज्यांच्यापासून ती पाठ लपवत उभी होते, ते सगळे जाणूनच घरात आले होते. मी म्हटलं, आई, मग हे सुवर्णाला सांगा ना. ती मरायला टेकलीये भीतीने.

म्हातारीने शेवग्याची एक वाळकी काडी मोडली. "तूच सांग," म्हणाली. "मला भ्या वाटतं तिचं. इतकी वर्सं गप ऱ्हायले. आता काय तोंडानं बोलू?"

मी नाही म्हटलं. हे एक काम मी करणार नाही म्हटलं, आणि त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. घर डोक्यावर घेणाऱ्या त्या बाईचा हात थंडगार होता.

सुवर्णा भांडी विसळत होती. आमची पावलं ऐकून तिने न वळताच पदर पाठीवर घट्ट ओढला. सासूबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता परत फिरतात. मग त्यांनी तो पदर बाजूला केला आणि पोलक्यावरूनच, जिथे पहिला ठिपका आला होता तिथे, हात ठेवला. बरोबर तिथेच.

"हात नका लावू, आई."

"का? दुखतंय?"

"नाय."

"मंग?"

सुवर्णाच्या हातातलं ताट पाण्यात तसंच राहिलं. तिने मान वळवून आधी माझ्याकडे बघितलं आणि मी काही सांगितलं आहे का ते माझ्या तोंडावर शोधलं. मी मान हलवली. मग ती सासूकडे वळली. म्हातारी भिंतीकडे बघत होती, पण हात तिने काढला नव्हता.